बाईंचा मेल स्पॅममध्ये सापडला त्यानंतर

गेल्या वर्षी श्रावणाच्या तोंडावर आमच्या मराठीच्या बाई गेल्या. बातमी त्याच दिवशी दुपारी गटाच्या मेलवर गेली होती, आणि पंधरा दिवसांनी रात्री साडेनऊच्या सुमाराला मला पुण्याहून फोन आला, आमच्या बॅचच्या मॉनिटरचा, पन्नाशी गाठली तरी आम्ही त्याला मॉनिटरच म्हणतो. हॅलो नाही काही नाही, एकदम, "अगं, मला कळवावंसं वाटलं नाही काय तुम्हाला कुणाला? निदान बाराव्याला तरी आलो असतो की."

मी म्हणलं अरे मेल गेलाय की सगळ्यांना, त्याच दिवशी गेलाय. तो म्हणाला मला काही आला नाही. म्हणलं स्पॅम बघ. मग बराच वेळ नुसता टीव्हीचा आवाज, आणि मग तो म्हणाला, "आहे." विषय वाचून दाखवला त्यानं, बाई गेल्या, अंत्ययात्रा आज दुपारी चार वाजता. त्याच्या वर एक लोनचा मेल होता आणि खाली कुठल्या तरी लॉटरीचा. मग तो काही बोललाच नाही आणि मलाही काही सुचेना. दहावीच्या वर्षी त्याच्या घरी करंट नव्हता म्हणून हा पोरगा बाईंच्या सोप्यात बसून अभ्यास करायचा, रात्रीचं जेवण पण तिथंच व्हायचं, हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे.

तर त्या फोननंतर मी हा विषय धरूनच बसले. आमचा गट म्हणजे बेळगावजवळच्या एका गावातल्या मराठी शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा, तीनशे चाळीसच्या आसपास माणसं, निम्मी इथंच बेळगाव, खानापूर, निपाणी भागात आणि बाकीची पुणे, मुंबई, गोवा, बेंगळूर, काही मस्कत-दुबईला, पाचसहा अमेरिकेत. व्हॉट्सअॅप आहे, नाही कशाला म्हणू, पण तिथं फोन बदलला की जुनं सगळं जातं आणि दोनशे गुड मॉर्निंगच्या खाली हिशेबाचा कागद कुणाला सापडत नाही, आणि बऱ्याच जुन्या बॅचची माणसं त्या ग्रुपवर नाहीतच. खानापूरकडच्या मुलींच्या फीसाठी आम्ही जो फंड चालवतो त्याचा वर्षाचा जमाखर्च, शाळेच्या इमारतीचा पत्रव्यवहार, कुणाचं लांबलचक पत्र, हे मेलवरच होतं आणि दहा वर्षांपूर्वीचं आजही मिळतं. हे सांभाळायचं काम अकरा वर्षं माझ्याकडे आहे. नोकरी माझी अकाउंट्सची, कॉम्प्युटरचं शिक्षण नाही, जे काय शिकले ते गरज पडली म्हणून शिकले, म्हणून इथं लिहितेय ते पण तसंच, माझ्यासारखं कुणी दुसरं मंडळाचं, वाचनालयाचं, सोसायटीचं मेलचं काम बघत असेल त्याच्यासाठी.

आधी मी आमच्या होस्टिंगवाल्याला फोन केला, हुबळीकडचा पोरगा, स्वभावानं चांगला. त्यानं सर्व्हरची नोंद काढली आणि म्हणाला, "मेल डिलिव्हर आगिदे मॅडम," म्हणजे पोचलाय. मला नोंद पण पाठवली, मॉनिटरच्या पत्त्यापुढे २५० ओके असं लिहिलेलं. आणि ते खोटं नव्हतं. हे २५० म्हणजे समोरच्या सर्व्हरनं मेल हातात घेतला एवढंच. पोस्टमननं पत्र वाड्याच्या दारात दिलं, पुढं ते कुणी माडीवर नेऊन दिलं का अडगळीत टाकलं हे पोस्टाला माहीत नसतं, तसंच हे. इनबॉक्समध्ये गेला का स्पॅममध्ये, हे समोरचा सर्व्हर पाठवणाऱ्याला कधीच सांगत नाही, मुद्दाम सांगत नाही, कारण सांगितलं तर स्पॅम पाठवणारे त्यावरनंच शिकतील. म्हणजे माझ्याकडच्या नोंदीत तीनशे चाळीस माणसांना बाईंची बातमी पोचलेली होती. मी मग एकेकाला फोन करत गेले, संध्याकाळी ऑफिसातनं आल्यावर, आठवडाभर. बऱ्याच जणांना व्हॉट्सअॅपवरनं किंवा गावातनं कळलं होतं म्हणून त्यांनी मेलकडे बघितलंच नव्हतं, आणि बघायला लावलं तर कितीतरी जणांच्या स्पॅममध्ये तोच मेल. पण सगळ्यांच्या नाही. आणि आठ दिवस आधीचा फंडाचा मेल याच लोकांना इनबॉक्समध्ये आलेला होता. इथं मला काहीतरी सापडेल असं वाटलं.

फरक एवढाच होता की फंडाचा मेल मी माझ्या साध्या पत्त्यावरनं गटाला पाठवलेला आणि बाईंचा मेल पणजीला असलेल्या आमच्या अण्णांनी, आमच्या पुढच्या बॅचचे, त्यांच्या कंपनीच्या पत्त्यावरनं. गडबडीत जो पत्ता उघडा होता त्यावरनं पाठवला त्यांनी, कुणीही तेच करेल.

मॉनिटरला म्हणलं लॅपटॉपवर तो मेल उघड आणि त्याचं मूळ रूप मला पाठव. मेलच्या मेनूत "शो ओरिजिनल" नाहीतर "व्ह्यू सोर्स" असं काहीतरी असतं, ते उघडलं की पत्राच्या वर पन्नाससाठ ओळींचं हेडर दिसतं, पत्र कुठनं निघालं, कुठकुठल्या सर्व्हरवरनं आलं, सगळं. त्यात ऑथेंटिकेशन-रिझल्ट्स नावाची ओळ असते. बाईंच्या मेलच्या त्या ओळीत असं होतं: एसपीएफ पास. डीकेआयएम फेल, आणि त्यापुढे कारण, बॉडी हॅश डिड नॉट व्हेरिफाय. शेवटी डीमार्क फेल, पी बरोबर क्वारंटाइन. ह्या एका ओळीपायी आमचा माणूस बाईंना शेवटचं बघू शकला नाही. ती ओळ समजून घ्यायला मला तीन आठवडे लागले, म्हणून जरा सावकाश सांगते.

मेल पाठवायची जी मूळ रीत आहे, एसएमटीपी, ती १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी लिहून काढली. तेव्हा नेटवर्कवर माणसं थोडी, बहुतेक एकमेकांना ओळखणारी, त्यामुळं पाठवणारा स्वतःचं म्हणून जे नाव लिहील ते खरं धरायचं. आजही मूळ रीत तीच आहे. कुणीही कुणाच्याही नावानं पत्र टाकू शकतो. आणि पत्राला दोन नावं असतात, एक पाकिटावरचं आणि एक आतल्या कागदावरचं, आपल्याला स्क्रीनवर दिसतं ते आतलं, पाकिटावरचं फक्त सर्व्हर बघतात. पुढं बँकांच्या नावानं फसवाफसवी सुरू झाली तेव्हा ह्या जुन्या रितीवर तपासण्या चढवल्या गेल्या, एकावर एक.

पहिली एसपीएफ. डोमेन म्हणजे मेलच्या पत्त्यातला @ च्या पुढचा भाग, त्याचा मालक जाहीर करून ठेवतो की माझ्या नावाचं पत्र अमुक अमुक सर्व्हरवरनंच येईल, दुसरीकडनं आलं तर ते माझं नाही. ही पाकिटावरचं नाव तपासते. दुसरी डीकेआयएम, ती आतल्या पत्राला सील लावते. पाठवणारा सर्व्हर पूर्ण मजकुराचं एक गणित करून आकडा काढतो, सही करून पत्राबरोबर पाठवतो, आणि घेणारा सर्व्हर तेच गणित परत करून बघतो. मजकुरात एक अक्षर इकडचं तिकडं झालं तरी आकडा जुळत नाही. तिसरी डीमार्क, ती २०१५ साली रीतसर लिहून प्रसिद्ध झाली पण वापर त्याआधीच सुरू होता, आणि ती म्हणते की आतल्या कागदावर ज्याचं नाव आहे, त्याच्याच डोमेनचं सील शाबूत पाहिजे किंवा त्याच्याच डोमेनचं एसपीएफ जुळलं पाहिजे. दोन्ही नसेल तर काय करायचं ते त्या डोमेनच्या मालकानं आधीच सांगून ठेवलेलं असतं: काही करू नका, बाजूला टाका, नाहीतर घेऊच नका. बाजूला टाका म्हणजे क्वारंटाइन, म्हणजे स्पॅम.

२०२१ साली कोल्हापूरहून येताना कोगनोळी नाक्यावर काय चालायचं ते आपल्याकडच्या लोकांना सांगायला नको. बहात्तर तासांच्या आतला आरटीपीसीआर रिपोर्ट दाखवा, तरच कर्नाटकात. माणूस ठणठणीत आहे, मयताला चाललाय, लग्नाला चाललाय, नाक्यावरच्या पोलिसाला त्याच्याशी काही नव्हतं, कागद बघायचा, कागदावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळतंय का बघायचं. डीमार्क असंच आहे. पत्र खरं आहे का, महत्त्वाचं आहे का, हे ती बघतच नाही.

आता गटाचा मेल ह्या नाक्यावर का अडकतो ते. अण्णांनी पणजीहून पत्र गटाच्या पत्त्यावर पाठवलं, तिथपर्यंत सगळं बरोबर होतं, सील पण बरोबर होतं. गटाचा प्रोग्रॅम, आमच्याकडे मेलमन आहे, ते पत्र उघडतो आणि तीनशे चाळीस प्रती काढून पाठवतो. पाठवताना पाकिटावर स्वतःचं नाव घालतो, म्हणजे परत आलेली पत्रं अण्णांकडे न जाता गटाकडे यावीत म्हणून, ते योग्यच आहे. म्हणून एसपीएफ पास झालं, पण ते गटाच्या डोमेनचं पास झालं, अण्णांच्या नाही. आणि आत? आत आम्ही दोन गोष्टी घालत होतो. विषयाच्या आधी कंसात शाळेचं नाव, आणि पत्राच्या शेवटी दोन ओळी, "हा मेल तुम्हाला माजी विद्यार्थी गटातर्फे आला आहे, पत्ता बदलला असल्यास कळवा." आईनं पुण्याच्या पोराला बसमधनं फराळाचा डबा सील करून पाठवावा आणि वाटेत कुणी मायेनं उघडून आणखी दोन लाडू त्यात घालून परत झाकण लावावं, तसं झालं हे. त्या दोन ओळी मी घातलेल्या आहेत, हे काम हातात आलं त्याच वर्षी, शब्द निवडून निवडून. त्यांनीच सील मोडत होतं. मी साध्या पत्त्यावरनं मेल टाकायची तेव्हा पण मोडत होतं, पण माझ्या डोमेननं "काही करू नका" सांगितलेलं असल्यामुळं निभावून जायचं. अण्णांच्या कंपनीनं "बाजूला टाका" सांगितलेलं होतं. बाजूला टाकला.

हे फक्त आमच्या गावच्या गटाचं नाही. २०१४ च्या एप्रिलमध्ये याहूनं आपल्या डोमेनसाठी "घेऊच नका" हा पर्याय लावला, त्याच महिन्यात एओएलनं पण लावला, कारण त्यांच्या लोकांच्या नावानं स्पॅमचा पूर आला होता. आणि जगभरातल्या हजारो मेलिंग लिस्ट एका रात्रीत आजारी पडल्या. त्यात सगळ्यात वाईट काय झालं असेल तर ते हे, की याहूवाल्या एका माणसानं गटाला पत्र लिहिलं की ते इतरांच्या सर्व्हरनी परत पाठवायचं, आणि लिस्टचा प्रोग्रॅम समजायचा की ह्या इतरांचेच पत्ते बंद पडलेत. मेलमनमध्ये ठरलेली रीत अशी आहे की पत्र परत आलं की त्या सभासदाच्या नावावर एक गुण चढतो, दिवसाला एकच, पाच गुण झाले की त्याला मेल जायचं थांबतं, मग सात-सात दिवसांनी तीन सूचना जातात, आणि उत्तर नाही आलं तर नाव कमी. म्हणजे पत्र लिहिणारा गटात राहिला आणि ज्यांनी काहीच केलं नाही ती माणसं गळाली. मी आमच्या गटाचं जुनं रजिस्टर काढून बघितलं, त्या सुमाराला आमची पण बरीच नावं अशीच कमी झालेली होती, माझ्याकडे काम यायच्या थोडं आधी. त्यातल्या काही लोकांबद्दल आमच्यात बोललं गेलं होतं की मोठे झाले, गाव विसरले, मेलला उत्तर पण देत नाहीत. त्यांना मेल जातच नव्हता. दहा वर्षं. मी त्यातल्या ज्यांचे नंबर मिळाले त्यांना फोन केले, एक ताई तर फोनवर रडायलाच लागल्या, त्यांना वाटत होतं की फंडाच्या पैशावरनं एकदा बोलणं झालं होतं म्हणून गटातनं काढलं.

यावर उपाय काय म्हणाल तर दोन वाटा आहेत. एक म्हणजे गटानं आतल्या कागदावरचं नाव बदलायचं, म्हणजे "अण्णा, गटातर्फे" असं नाव आणि पत्ता गटाचा. मग डीमार्क गटाचं डोमेन बघते आणि ते जुळतं. मेलमनमध्ये ही सोय २०१३-१४ मध्येच आली. मी ती पहिल्यांदा सगळ्यांसाठी लावली आणि महिन्यात काढली. कारण लोक सवयीनं रिप्लाय दाबतात. एका सभासदानं दुसऱ्याला म्हणून आपल्या घरातली गोष्ट लिहिली, भावाभावांच्या वाटणीची, आणि ती तीनशे चाळीस जणांकडे गेली. त्या माणसाला मी स्वतः घरी जाऊन भेटले, शहापुरात राहतात, त्यांनी काही मनाला लावून घेतलं नाही पण त्यांच्या वहिनींनी घेतलं, आणि त्यांचं बरोबर होतं.

दुसरी वाट म्हणजे पत्राला हातच लावायचा नाही. जसं आलं तसं द्यायचं. विषयाच्या आधीचं शाळेचं नाव काढलं, खालच्या दोन ओळी काढल्या. मोठ्या वयाच्या लोकांनी तक्रार केली, शाळेचं नाव दिसलं की आम्ही उघडत होतो, आता कळत नाही कुणाचा मेल, आणि ती तक्रार खरी आहे, मला त्याचं अजून वाईट वाटतं. पण सील शाबूत राहिलं. आता आमच्याकडे असं आहे: पत्राला हात नाही, आणि ज्या डोमेननं "बाजूला टाका" किंवा "घेऊच नका" सांगितलंय फक्त त्यांच्याच पत्रावर गटाचं नाव चढतं, तेवढी निवड मेलमन स्वतः करतो. एआरसी म्हणून तिसरी एक रीत २०१९ मध्ये लिहिली गेली आहे, त्यात गट आपली वेगळी सही करून सांगतो की माझ्याकडे आलं तेव्हा सील चांगलं होतं, मी बघितलं होतं. मेलमनच्या नव्या आवृत्तीत ती आहे, आमच्या होस्टिंगवर जुनीच आवृत्ती आहे. आणि समोरच्यानं आपल्या सहीवर विश्वास ठेवायचा की नाही हे शेवटी त्याच्याच हातात राहतं.

हे करता करता आमच्या दुसऱ्या एका डोमेनची, गटाच्या नाही, पण नोंद तपासली तर एसपीएफच्या दोन ओळी निघाल्या, एक जुन्या होस्टिंगची, एक नव्याची. एका डोमेनला एकच चालते. दोन असल्या की दोन्ही बाद धरतात. जुनी काढायला पाच मिनिटं लागली, किती वर्षं ती तशी होती देव जाणे.

एवढं करून सुद्धा स्पॅममध्ये जाणं पूर्ण थांबत नाही, कारण नाक्यानंतर आत अजून एक माणूस बसलेला आहे, तो मजकूर आणि चालचलन बघतो. मराठी लिहिणाऱ्यांसाठी इथं थोडं जास्त जपायला लागतं. मेलची जुनी रीत इंग्रजी अक्षरांपुरती होती म्हणून आपली देवनागरी आत बांधून पाठवावी लागते. स्नेहमेळावा हा एक शब्द घ्या, कॉम्प्युटर त्याचे अकरा तुकडे मोजतो, जोडाक्षरातला हलंत पण वेगळा आणि प्रत्येक मात्रा, काना पण वेगळा, एकेका तुकड्याला तीन बाइट म्हणजे तेहेतीस, आणि बेस६४ म्हणून बांधायची जी रीत आहे तिच्यात बांधल्यावर चव्वेचाळीस इंग्रजी अक्षरं. विषयाच्या ओळीत असा बांधलेला एक डबा पंचाहत्तर अक्षरांच्या वर जाऊ शकत नाही, म्हणजे देवनागरीचे पंधरा तुकडे झाले की दुसरा डबा सुरू. आपण आपला विषय लिहितो "शाळेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त आयोजित भव्य स्नेहमेळाव्याचे आग्रहाचे निमंत्रण" आणि त्याचे सहासात डबे होतात, मधल्या एखाद्या जुन्या प्रोग्रॅमनं डबा अक्षराच्या मधोमध तोडला की समोरच्याला प्रश्नचिन्हं आणि चौकोन दिसतात. आणि बरेच सर्व्हर वापरतात त्या स्पॅमअसॅसिन नावाच्या स्पॅमच्या गाळणीत बांधून पाठवलेल्या मजकुरावर संशयाचे गुण लावणारे नियम आहेत, एकूण पाच गुण झाले की स्पॅम. म्हणून मी विषय छोटा लिहिते. मेळावा, रविवार सकाळी. बस.

आणि जेपीजी. आपल्याकडं पत्रिका असो, शोकसंदेश असो, डीटीपीवाल्याकडनं करून आणायची आणि तोच फोटो मेलला लावून पाठवायचा, खाली एक अक्षर लिहायचं नाही. ही सवय का लागली ते मला समजतं, श्रीलिपी, आकृतीच्या काळात समोरच्याकडे तो फॉन्ट नसला की मराठीचा नुसता कचरा दिसायचा, फोटो तरी सगळीकडे सारखा दिसायचा. पण २००६-०७ च्या सुमाराला स्पॅमवाल्यांनी पण हीच युक्ती काढली होती, शब्द वाचून पकडतात ना, मग शब्द फोटोत घाला. तेव्हापासून फोटो आहे आणि मजकूर नाही असा मेल दिसला की गाळणीला शंका येते. मी सगळ्यांना सांगते, पत्रिका लावा पण खाली चार ओळी हातानं टाइप करा, कोण, कुठं, कधी. आता फोनवर मराठी टाइप होतंय, युनिकोड सगळीकडे दिसतंय. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही, जे फोनकडनं वाचून घेतात, आमच्यात असे दोन सर आहेत, त्यांना पण त्या चार ओळीच ऐकू येतात, फोटो येत नाही.

राहता राहिलं चालचलन, आणि ते पूर्णपणे आपल्या लोकांच्या हातात आहे. स्पॅमचं बटण. कुणाला गटाचे मेल नको झाले की तो गट सोडायची लिंक शोधत बसत नाही, स्पॅम दाबतो, दोन सेकंदात काम होतं. त्याला वाटतं फक्त माझ्यापुरतं झालं. पण ते पाठवणाऱ्याच्या नावावर लागतं. २०२४ च्या फेब्रुवारीत गुगल आणि याहूनं नवे नियम आणले, त्यातले कडक नियम जीमेलकडं रोज पाच हजारांच्या वर मेल पाठवणाऱ्यांसाठी आहेत, आम्ही त्यात बसत नाही, पण स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवा हे त्यांनी लहानमोठ्या सगळ्यांना सांगितलंय, आणि जमलं तर ०.१ च्या खाली. आता आमचा हिशेब करा. तीनशे चाळीस माणसं सगळी जीमेलवर आहेत असं धरलं आणि त्यातल्या एकानं एका मेलवर बटण दाबलं तर झाले ०.२९ टक्के. एका माणसानं. मी आयुष्यभर टक्केवाऱ्याच काढत आलेय, पण हा आकडा कॅल्क्युलेटरवर बघितला तेव्हा मी हबकले. आणि जीमेल कुणी दाबलं ते सांगत नाही, आमच्याएवढ्या लहान गटाला तर त्यांच्या पोस्टमास्टर टूल्समध्ये आकडेही दिसत नाहीत, कारण तिथं काही दिसायला मेलची संख्या बरीच लागते.

म्हणून आता सोडायची वाट मी सोपी केली. खालच्या दोन ओळी गेल्या पण हेडरमध्ये लिस्ट-अनसबस्क्राइब अशी ओळ असते, ती नीट लावली की बऱ्याच ठिकाणी मेलच्या वरतीच अनसबस्क्राइब दिसतं. आणि वर्षातनं एकदा सगळ्यांना साधं पत्र लिहिते की नको असेल तर मला एक शब्द लिहा, नाव काढते, रुसवा नाही. पहिल्या वर्षी नऊ जणांनी लिहिलं. मला वाईट वाटलं, पण ते नऊ जण बटण दाबण्यापेक्षा हे बरं, आणि त्यातले दोघं परत आलेत.

ज्यांना यायला पाहिजे त्यांच्यासाठी दोन कामं. मेल स्पॅममध्ये सापडला तर नुसता वाचून सोडायचा नाही, "हा स्पॅम नाही" दाबायचं, गाळणी त्यावरनंच शिकते. आणि जीमेलमध्ये फिल्टर करून ठेवायचा, शोधायच्या जागी लिस्ट, विसर्गासारखे दोन टिंब आणि लगेच गटाचा पत्ता, आणि पुढं "नेव्हर सेंड इट टू स्पॅम" वर टिक. मी सणाला गावी गेले की चारपाच जणांच्या फोनवर, लॅपटॉपवर स्वतः करून देते. जीमेल स्पॅममधलं तीस दिवसांनी पुसून टाकतं, तेव्हा महिन्यातनं दोनदा तरी तिथं डोकावायला पाहिजे. अजून एक, हे मला वर्षातनं दहा वेळा विचारलं जातं, जीमेलवरनं गटाला पाठवलेला आपलाच मेल परत आपल्या इनबॉक्समध्ये दिसत नाही, कारण त्याची एक प्रत सेंटमध्ये आधीच असते. "माझाच मेल मला आला नाही, म्हणजे कुणालाच गेला नाही" असं समजून लोक तोच मेल तीन-तीन वेळा टाकतात, आणि तिसऱ्यांदा तोच मेल आला की कुणीतरी वैतागून बटण दाबतं.

मयताची बातमी आता मी फक्त मेलवर सोडत नाही. प्रत्येक बॅचमागे एक माणूस नेमलाय, त्यानं आपल्या बॅचला फोन करायचा आणि मला रात्रीपर्यंत सांगायचं कोण लागला, कोण नाही लागला. हे काम आमच्या बॅचसाठी मॉनिटरनं मागून घेतलं.

आणि त्यानंच एक सुरू केलं. गटाचा कुठलाही मेल आला की तो मला एकट्याला उत्तर लिहितो, एकच शब्द, "पोचलं". मी त्याला सांगितलं की उत्तर दिलं की गाळणीला पण कळतं हा पत्ता ह्या माणसाला हवा आहे, तर त्यानं ते सगळ्यांना लिहून कळवलं. गेल्या महिन्यात बाईंच्या वर्षश्राद्धाचा मेल अण्णांनीच पाठवला, पणजीहून, त्याच पत्त्यावरनं. मी ऑफिसात होते, बाहेर धो धो पाऊस, फोन बाजूला ठेवलेला आणि तो वाजतच होता. पोचलं. पोचलं ताई. पोचलं, येतोय. संध्याकाळी बसमध्ये मोजले, एकसष्ट. अमेरिकेतल्यांची सकाळ व्हायची होती. मॉनिटरचा तिसरा होता. मस्कतच्या एकाचं होतं, "पोचलं, पण स्पॅममध्ये होतं, बाहेर काढलं." त्याला मूळ रूप पाठवायला सांगितलंय, आलं की ती ओळ बघते.